पापडीच्या वाड्या आणि उष्मांकांचा हिशेब

अन्नातून मिळणारी ऊर्जा आणि शरीराने खर्चलेली ऊर्जा यांच्यातल्या फरकाने वजन वाढते किंवा घटते. हा हिशेब व्यक्तीच्या इच्छेइतकाच तिच्या कामावर आणि गावाच्या घडणीवर अवलंबून असतो. वसईतील पापडीचा इतिहास हे स्पष्ट दाखवतो.

वसई रोड स्थानक आणि वसईचा किल्ला यांच्या वाटेवर पापडी आहे. या पट्ट्यातली जुनी उपजीविका भातशेती आणि बागायती वाड्यांची होती. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकवायचा, तर विहिरीचे पाणी रहाटाने उपसायचे. रहाट बैल किंवा रेडा ओढत असला तरी खणणे, पाट वळवणे, खत टाकणे, पानवेली बांधणे आणि ओझी वाहणे ही कामे माणसांचीच होती. १८६४ मध्ये मुंबईहून गुजरातकडे जाणारा रेल्वेमार्ग वसईवरून सुरू झाला आणि वाडीचा माल मुंबईला जाऊ लागला. भाजीच्या पाट्या घेऊन गाडी पकडणाऱ्या वसईच्या बायकांच्या श्रमात बाजारापर्यंतच्या वाटचालीचीही भर पडली.

अन्नातली ऊर्जा मोजण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावले. विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ४, तर स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅममागे ९ किलोकॅलरी हे ढोबळ आकडे रूढ झाले. भारतीय अन्नपदार्थांचे असे कोष्टक वॉलेस आयक्रॉइड यांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये प्रसिद्ध केले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २११०, तर मध्यम कष्टाच्या कामासाठी २७१० किलोकॅलरी लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हे आकडे १६६० आणि २१३० आहेत. पुरुषाच्या बाबतीत फरक ६०० किलोकॅलरींचा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम कच्च्या तांदळाइतका. वाडीत राबणाऱ्याला भाताचा तो वाढीव वाटा लागतच असे.

पुढे रहाटांची जागा पंपांनी घेतली. १९९० मध्ये वसई-विरार परिसराच्या नियोजनाचे काम सिडको या सरकारी महामंडळाकडे आले, वाड्यांच्या जागी इमारती वाढत गेल्या आणि २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांचा दिवस प्रवासात आणि खुर्चीत जाऊ लागला. ताट वाडीच्या काळाएवढेच राहिले, तर रोजची शिल्लक चरबी म्हणून साठते.

पदार्थांचे रूपही हिशेबात धरावे लागते. वसईची प्रसिद्ध सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. पाणी उडाल्यामुळे त्यांच्यात वजनाच्या मानाने ताज्या केळ्यापेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते. उपवासाचेही तसेच आहे. शेंगदाणे आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते, पण तिच्याने उष्मांक कमी होतातच असे नाही.

एक किलो शरीरचरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात. म्हणून रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवल्यास सुरुवातीला आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन घटू शकते. शरीर हलके झाले की त्याचा खर्चही कमी होतो आणि घट मंदावते. त्यामुळे भात, तेल व गोड यांचे प्रमाण आजच्या कामानुसार ठरवणे, डाळी, मासे आणि भाज्या पुरेशा ठेवणे आणि वाडीसोबत गेलेली हालचाल चालण्याने काही अंशी भरून काढणे हाच टिकणारा मार्ग आहे.