शुगर ओळखणारा कुत्रा आणि अकरा महिन्यांचा करार

जळगाव-धुळ्याकडे भाड्याची खोली बघायला गेलं की प्रश्न ठरलेले. किती माणसं, काय काम करता, आणि "कुत्रं-बित्रं नाही ना भाऊ?" यावर कोणी म्हटलं की "आहे, पण ते पोराच्या शुगरसाठी आहे", तर घरमालक हसेल. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जरा मागून सांगतो.

मधुमेह ओळखणारा आपल्याकडचा पहिला प्राणी म्हणजे मुंगी. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे आणि खेड्यातली म्हातारी माणसं आजही सांगतात. कुत्रा आला १८८९ साली. स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. पुढे १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करत इन्सुलिन गाठलं. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची पोरं फार जगत नसत.

इन्सुलिनने जीव वाचला, पण नवा धोका आला : शुगर एकदम उतरणं. घाम, थरथर, मग शुद्ध हरपणं. दिवसा हे कळतं. रात्री झोपेत झालं तर आईने दर दोन-तीन तासांनी उठून बोट टोचून बघायचं, एवढाच उपाय. (आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, लाईट जाते, आणि इन्सुलिन माठात ठेवणारी घरं आहेत. तो त्रास वेगळाच.)

डिसेंबर २००० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तीन बायकांच्या तीन पाळीव कुत्र्यांची हकीकत छापून आली. कुणी शिकवलेलं नसताना मालकिणीची शुगर उतरली की ते बेचैन व्हायचे. नंतर इंग्लंड-अमेरिकेत असे कुत्रे मुद्दाम तयार करणाऱ्या संस्था निघाल्या. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की शुगर उतरते तेव्हा श्वासातलं आयसोप्रीन वाढतं. कुत्र्याला बहुधा तोच वास येत असावा. २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात २७ शिकवलेले कुत्रे तपासले. शुगर उतरण्याच्या शंभर वेळांपैकी साधारण ८३ वेळा त्यांनी इशारा दिला, पण कुत्र्या-कुत्र्यात फरक मोठा. तेव्हा ग्लुकोमीटर टाकून कुत्र्यावर विसंबू नका. दंडाला लावायचा सेन्सर परवडत असेल तर आधी तोच घ्या, असं माझं मत.

आता घराकडे येऊ. अमेरिकेत अशा कुत्र्याला 'पाळीव प्राणी नको' या अटीतून सूट मागता येते. आपल्याकडे? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मधुमेह नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, ठराव करूनसुद्धा. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं. पण हे सगळं सोसायटी आणि रहिवासी यांच्यातलं. मालक आणि भाडेकरू यांच्यात चालतो तो करार.

आणि करार म्हणजे अकरा महिने. ही सवय १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरू इतका पक्का केला की मालक धास्तावले आणि 'लिव्ह अँड लायसन्स'कडे वळले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्यात मुदत संपली की निघायचं. म्हणजे शिकवायला महिनोन् महिने लागणाऱ्या कुत्र्याचा मुक्काम अकरा महिन्यांच्या कागदावर.

मालकाची भीतीही खोटी नाही. रेबीज, शेजाऱ्यांची कटकट, अंगणातली घाण. म्हणून टोकन देण्याआधीच बोला. डॉक्टरांची चिठ्ठी, रेबीज लसीचं कार्ड, महापालिकेतल्या नोंदणीची पावती पुढे ठेवा आणि कुत्र्याची परवानगी करारात एका ओळीत लिहून घ्या.

याच कायद्याचं कलम ५५ बऱ्याच जणांना माहीत नसतं. करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, भाडेकरूची नाही. नोंदवला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "तोंडी हो म्हटलं होतं" याला तिथे वजन आहे.