मूळ शेवटी कापायचे

तेलीबांधा तलावाजवळच्या घराच्या गच्चीवर मी यंदा काकडीच्या दहा रोपांचे दुधी भोपळ्यावर कलम केले. सहा मेली. चूक शोधताना या कलमाचा इतिहास वाचत गेले.

वेलांचे कलम जुनेच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथात दुधीचे दहा वेल एकत्र जोडून त्यांवर मोठे फळ धरण्याची रीत आहे. रोगावरचा उपाय म्हणून हे तंत्र १९२०च्या दशकात जपानमध्ये पुढे आले. त्याच जमिनीत वरचेवर कलिंगड घेतल्याने मर रोग बळावला होता, म्हणून कलिंगड भोपळ्याच्या मुळावर चढवले गेले. पुढे हरितगृहातल्या काकडीची पाळी आली. हिवाळ्यात माती गारठते, म्हणून तिला अंजिरासारख्या पानांचा, अमेरिकेच्या डोंगराळ भागातला भोपळा खुंट म्हणून दिला. १९८०च्या दशकात मातीतली सिलिका कमी शोषणारे खुंट निवडले गेले. काकडीवरची पांढरट भुकटी गेली, साल चकाकू लागली. खुंट दिसत नाही, पण फळावर उमटतो.

काकडीला बहुधा भेटकलम करतात. भोपळ्याच्या देठाला वरून खाली, काकडीच्या देठाला खालून वर तिरकी चीर द्यायची, दोन्ही एकमेकांत अडकवून चिमटा लावायचा. काकडीचे स्वतःचे मूळ तोवर मातीतच राहते. सांधा जुळल्यावर, साधारण आठवड्याने, ते कापायचे. मी चौथ्या दिवशी कापले होते.

इथल्या मराठी घरांचे मूळ बऱ्याच उशिरा कापले गेले. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरच्या गादीवर आले. त्यानंतर रायपूरचा कारभार जवळजवळ दोनशे वर्षे नागपूरशी बांधलेला होता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात, आणि राजधानी भोपाळ झाली. आजोबा तोवर बाजारात छत्तीसगढी, घरी मराठी बोलत. सांधा जुळलेला होता.

मी हिंदीतून मराठीत अनुवाद करते. माझी मुलगी ते वाचत नाही, मूळ हिंदी पुस्तकच वाचते. घाई माझ्याकडूनही झाली असेल, असे वाटते.

मात्र बियाण्याच्या चिठ्ठीवर मी ‘काकडी’ लिहिले होते. हिंदीत ककडी म्हणजे वेगळे, लांबट फळ. दुकानदार तेच देऊ लागला. तिने न विचारता खिऱ्याचे बी मागून आणले.