युकॉन नदीवरील नौकाप्रवासाचे थांबे (व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी)

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातील युकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी या सुमारे ७१५ किलोमीटरच्या जलमार्गावर वल्हेकरी व लहान होड्यांतील प्रवासी जेथे उतरतात, मुक्काम करतात अथवा पाहण्यासाठी थांबतात, अशा स्थळांची माहिती या लेखात दिली आहे. युकॉन नदी ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उगम पावते, युकॉन प्रदेश व अमेरिकेचे अलास्का राज्य ओलांडते आणि सुमारे ३,१९० किलोमीटरचा प्रवास करून बेरिंग समुद्रास मिळते. या दीर्घ प्रवाहापैकी वल्हेकऱ्यांची सर्वाधिक वर्दळ वरील टप्प्यावर असते. प्रवाह वेगवान आहे, पण अवघड द्रुतवाह मोजकेच आहेत. त्यामुळे मध्यम अनुभवाच्या प्रवाशासही कॅनू किंवा कयाकमधून हा मार्ग साधारण दोन आठवड्यांत पार करता येतो.

या मार्गावरील बहुतेक थांबे निसर्गसौंदर्यासाठी निर्माण झालेले नाहीत. आदिवासी समाजांचे मासेमारीचे तळ, सोन्याच्या शोधात निघालेल्यांचे पडाव, आगबोटींना सरपण पुरविणाऱ्या वखारी, तारकचेऱ्या आणि पोलीस ठाणी अशा निकडीतून ते उभे राहिले. निकड संपताच वस्ती उठली आणि घरे मागे राहिली. आजचा प्रवासी ज्याला रम्य स्थळ म्हणतो ते पुष्कळदा कुणाचे तरी सोडून दिलेले, पण मालकी न सोडलेले घर असते. ही जाणीव नसेल तर या नदीवरचे निम्मे पाहणे वाया जाते.

पार्श्वभूमी

१६ ऑगस्ट १८९६ रोजी क्लोंडाइक नदीच्या एका उपनाल्यात सोने सापडले. या नाल्यास पुढे बोनान्झा क्रीक हे नाव मिळाले. शोधाचे श्रेय जॉर्ज कारमॅक, त्याची टॅगिश समाजातील पत्नी केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली या चौघांच्या नावांशी जोडलेले आहे. वार्ता बाहेर पोहोचल्यावर, १८९८ च्या वसंतात बर्फ फुटताच हजारो माणसे हाताने बांधलेल्या होड्या व तराफे घेऊन याच प्रवाहातून डॉसनकडे निघाली. १९०० मध्ये व्हाइट पास रेल्वे व्हाइटहॉर्सपर्यंत आली आणि तेथून पुढची वाहतूक मागील बाजूस चाक असलेल्या आगबोटींकडे गेली. ही व्यवस्था सुमारे अर्धे शतक टिकली.

अशा आगबोटींपैकी 'एस.एस. क्लोंडाइक' ही आज व्हाइटहॉर्सच्या काठावर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली आहे. प्रवाहाबरोबर डॉसनला पोहोचण्यास तिला सुमारे ३६ तास लागत. परतीच्या उलट प्रवासाला चार-पाच दिवस लागत आणि वाटेत लाकूड भरण्यासाठी सहा वेळा थांबावे लागे. नदीकाठी ठिकठिकाणी ओसाड वखारी का दिसतात, हे यावरून कळते. १९५० च्या दशकात रस्ते झाले, १९५५ मध्ये 'क्लोंडाइक'ची नियमित फेरी थांबली आणि काठ रिकामा झाला.

व्हाइटहॉर्स आणि लाबर्ज सरोवर

ज्या फेसाळ द्रुतवाहांमुळे व्हाइटहॉर्सला हे नाव पडले, ते आता पाहावयास मिळत नाहीत. १९५८ मध्ये पूर्ण झालेल्या जलविद्युत धरणाच्या श्वाटका जलाशयात ते बुडाले. धरणाच्या बाजूने सॅल्मन माशांसाठी लाकडी पायऱ्यांचा मार्ग बांधलेला आहे. समुद्रातून सुमारे ३,००० किलोमीटर उलट पोहत आलेला चिनूक सॅल्मन ऑगस्टच्या सुमारास तेथे काचेतून दिसतो. अलीकडच्या वर्षांत त्याची संख्या चिंताजनकरीत्या घटली असून, २०२४ मध्ये कॅनडा व अलास्का यांनी युकॉनमधील चिनूकची मासेमारी सात वर्षे थांबविण्याचा करार केला. खाली काठावर मासे वाळविण्याचे रिकामे मांडव दिसतात. ते पाहताना हा संदर्भ ध्यानात असावा.

शहर सोडल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुमारे ५० किलोमीटर लांबीचे लाबर्ज सरोवर लागते. रॉबर्ट सर्व्हिस याच्या १९०७ सालच्या एका कथाकाव्यामुळे हे नाव इंग्रजी वाचकांना परिचित आहे. वल्हेकऱ्याला मात्र ते वाऱ्यासाठी आठवते. येथे प्रवाहाचे साहाय्य जवळजवळ नसते, पाणी उन्हाळ्यातही अतिशय थंड असते आणि दुपारी उठणाऱ्या लाटा लहान होडीस सहज उलटवितात. म्हणून पहाटे किंवा रात्री उशिरा निघावे, काठ सोडू नये आणि वारा उठल्यास दिवस फुकट गेला तरी उतरून राहावे. जूनमध्ये जवळजवळ रात्रभर उजेड असतो. त्यामुळे रात्री वल्हविणे येथे नेहमीचे आहे. नदी मे महिन्यात मोकळी झाली तरी सरोवरावर बर्फ जूनच्या आरंभापर्यंत राहू शकतो.

१९०१ च्या ऑक्टोबरमध्ये 'ए. जे. गॉडार्ड' ही छोटी आगबोट याच सरोवरात वादळात बुडाली आणि तिच्यावरील पाचांपैकी तिघे मरण पावले. २००८ मध्ये ती तळाशी जवळजवळ अखंड स्थितीत सापडली. तिच्यात हत्यारे, बूट आणि एक ग्रामोफोनही होता.

थर्टी माइल

सरोवराच्या मुखापासून टेस्लिन नदीच्या संगमापर्यंतचा सुमारे ४८ किलोमीटरचा पट्टा 'थर्टी माइल' या नावाने ओळखला जातो. संपूर्ण मार्गातील सर्वांत देखणा भाग हाच, याविषयी सहसा दुमत आढळत नाही. वरून आलेला गाळ सरोवरात बसून जातो, त्यामुळे बाहेर पडणारे पाणी नितळ व हिरवट निळे असते. वेगवान प्रवाहातही तळाचे गोटे दिसतात. उंच मातकट कडे, त्यांवर स्प्रूसची झाडे आणि शेंड्यावर पांढऱ्या डोक्याचा गरुड हे दृश्य वळणावळणावर भेटते. १९९१ मध्ये या पट्ट्यास 'कॅनेडियन वारसा नदी' हा दर्जा मिळाला.

हीच अरुंद वळणे आगबोटींच्या नावाड्यांना मात्र नकोशी होती. येथे अनेक बोटी फुटल्या. १९२९ मध्ये बांधलेली पहिली 'क्लोंडाइक' १९३६ मध्ये याच भागात खडकावर आदळून गेली. तिचे वाचविता आलेले साहित्य वापरून पुढच्याच वर्षी त्याच नावाची दुसरी बोट बांधण्यात आली. व्हाइटहॉर्सला दिसते ती हीच.

सरोवराच्या मुखाशी असलेले लोअर लाबर्ज आणि संगमावरील हूटालिंक्वा हे येथील दोन प्रमुख मुक्काम होत. हूटालिंक्वाला जुन्या तारकचेरी-पोलीस ठाण्याच्या काळातील लाकडी खोपटी दुरुस्त करून राखली आहेत. थोडे खाली शिपयार्ड बेटावर 'एव्हलिन' ही आगबोट गेली कित्येक दशके झाडीत उभी आहे. तिला पुढे 'नॉरकॉम' असे नाव देण्यात आले होते. पाण्यापासून दूर, झाडांच्या मधोमध उभी असलेली एवढी मोठी बोट पाहून प्रवासी काही काळ गोंधळतो. हिवाळ्यात बर्फापासून वाचविण्यासाठी बोटी काठावर ओढून ठेवीत. ही एक पुन्हा पाण्यात उतरली नाही. तिचे तक्ते कुजलेले असल्यामुळे तिच्यावर चढणे धोक्याचे आहे.

बिग सॅल्मन ते फाइव्ह फिंगर

टेस्लिन मिळताच पाणी गढूळ होते व पात्र रुंदावते. बिग सॅल्मन नदीच्या मुखाशी आदिवासी वस्तीची जुनी घरे आहेत. लिटल सॅल्मन येथे गावाजवळ दफनभूमी असून तिच्यात थडग्यांवर छोटी रंगीत घरे उभारलेली आहेत. ती मृतात्म्यांसाठी असून संबंधित कुटुंबे आजही त्यांची देखभाल करतात. तेथे शिरणे व छायाचित्रे घेणे टाळावे, ही अपेक्षा स्पष्ट आहे आणि ती पाळणे कठीण नाही.

सुमारे ३२० किलोमीटरवर कारमॅक्स लागते. पूल, दुकान, तंबूंची जागा आणि हमरस्ता असलेले व्हाइटहॉर्सनंतरचे हे पहिलेच गाव असल्यामुळे पुष्कळ जण प्रवास येथे संपवितात किंवा येथून सुरू करतात. १९९९ पासून भरणाऱ्या व्हाइटहॉर्स-डॉसन वल्हेशर्यतीतही येथे सक्तीचा विसावा असतो.

कारमॅक्सनंतर काही तासांत फाइव्ह फिंगर द्रुतवाह येतो. खडीच्या घट्ट खडकाचे चार सुळके नदीचे पाच प्रवाहांत विभाजन करतात. वल्हेकऱ्याने फार आधीपासून उजवा काठ धरून उजवीकडच्या मार्गानेच जावे. आगबोटीही याच मार्गाने जात आणि प्रवाहाविरुद्ध चढताना काठावर बांधलेल्या पोलादी दोरास धरून वर ओढल्या जात. मध्यभागी दोन-तीन उंच लाटा अंगावर येतात आणि काही क्षणांत सारे शांत होते. खाली लागणारा रिंक द्रुतवाहही उजवीकडूनच टाळता येतो. मिंटो येथे रस्ता पुन्हा नदीस भेटतो. त्यानंतर डॉसनपर्यंत रस्ता नाही.

फोर्ट सेलकर्क

या मार्गावर एकाच ठिकाणी पूर्ण दिवस थांबावयाचे असेल, तर ते ठिकाण फोर्ट सेलकर्क होय. पेली व युकॉन या नद्यांच्या संगमाजवळ, उंच सपाट काठावर सुमारे चाळीस लाकडी इमारती ओळीने उभ्या आहेत. समोरच्या तीरावर काळ्या बेसॉल्टची सरळ भिंत मैलोगणती पसरलेली आहे. सह्याद्रीचा कातळ ज्याने पाहिला आहे त्याला हा खडक ओळखू येईल, मात्र येथील लाव्हा दख्खनच्या मानाने कालपरवाचा म्हणावा इतका तरुण आहे.

नॉर्दर्न टुचोनी लोकांचे हे फार पूर्वीपासूनचे एकत्र येण्याचे स्थळ. किनाऱ्याकडचे चिल्कॅट ट्लिंगिट व्यापारी डोंगर ओलांडून येत आणि त्यांच्याशी देवघेव करीत. १८४८ मध्ये हडसन्स बे कंपनीच्या रॉबर्ट कॅम्पबेलने येथे ठाणे उघडले आणि पुरामुळे १८५२ मध्ये ते सध्याच्या तीरावर हलविले. आपल्या व्यापाराला धक्का बसलेल्या चिल्कॅटांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते लुटून बंद पाडले. ठाणे पुन्हा उभारण्यास कंपनीने परवानगी दिली नाही. सोन्याच्या धामधुमीत, १८९८ मध्ये, सुमारे दोनशे सैनिकांचे युकॉन फील्ड फोर्स येथे येऊन राहिले. पुढे दुकाने, दोन चर्च, शाळा, पोलीस ठाणे अशी वस्ती वाढली. आगबोटी थांबल्यावर दुकान बंद झाले, कुटुंबे रस्त्याजवळच्या मिंटो व पेली क्रॉसिंगकडे गेली आणि काही वर्षांत गाव रिकामे झाले.

शाळेच्या इमारतीत बाके अजून आहेत. शिक्षकी पेशातील माणसास तेथून लवकर निघवत नाही. मात्र या स्थळास 'भुताचे गाव' म्हणणाऱ्या प्रवासपुस्तिका चुकतात. सेलकर्क फर्स्ट नेशन व युकॉन शासन या दोघांची त्यावर संयुक्त मालकी आहे, उन्हाळ्यात देखभाल करणारी माणसे तेथे राहतात आणि मूळ रहिवाशांचे वंशज आपल्या मेळाव्यांसाठी येथे परततात. नदीनेच आणि फार तर लहान विमानाने पोहोचता येत असल्यामुळे हे गाव शाबूत राहिले आहे. तंबूंसाठी मोकळी जागा व स्वयंपाकासाठी निवारा उपलब्ध आहे. जमिनीवर सापडलेला खिळा किंवा बाटलीही उचलू नये. ऐतिहासिक वस्तू नेण्यास कायद्याने बंदी आहे.

व्हाइट नदी ते डॉसन

फोर्ट सेलकर्कच्या खाली बेटांचे जाळे सुरू होते. पुष्कळ अनुभवी प्रवासी याच भागात बेटांच्या वरच्या टोकाच्या गोट्यांवर मुक्काम करतात. तेथे वारा असतो, डास कमी असतात आणि अस्वलांचा वावरही तुलनेने कमी असतो. रात्रीतून पाणी चढू शकते, म्हणून होडी पूर्ण वर ओढून बांधावी. काठ खचलेल्या ठिकाणी मातीत एक पांढरा पट्टा दिसतो. सुमारे ११५० वर्षांपूर्वी माउंट चर्चिल ज्वालामुखीच्या उद्रेकात उडालेल्या राखेचा तो थर आहे.

डावीकडून व्हाइट नदी येऊन मिळते, तेव्हा युकॉनचे रूपच पालटते. हिमनद्यांनी दळलेला गाळ घेऊन आलेल्या तिच्या पाण्यामुळे संपूर्ण प्रवाह राखी होतो आणि होडीच्या तळाला कण घासून सतत सळसळ ऐकू येते. येथून पुढे पिण्याचे पाणी बाजूच्या स्वच्छ ओढ्यांतून भरून घ्यावे, किंवा नदीचे पाणी रात्रभर स्थिर ठेवून मग गाळून उकळावे.

स्टुअर्ट नदीच्या मुखाशी असलेले स्टुअर्ट बेट हा एकेकाळी गजबजलेला थांबा होता. मेयोच्या खाणींतील रुप्याचे खनिज येथे मोठ्या बोटींवर चढविले जाई. नदी वर्षानुवर्षे बेटाचा काठ खाते आहे. अनेक इमारती मागे सरकविण्यात आल्या, तरी कित्येक प्रवाहात गेल्या. जुन्या नकाशातील खुणांवर येथे विसंबू नये. याच परिसरात, हेंडरसन ओढ्याजवळ, लेखक जॅक लंडन याने १८९७-९८ चा हिवाळा काढला. त्याच्या खोपट्याचे मूळ ओंडके पुढे वाटून घेण्यात आले आणि त्यांपासून दोन खोपटी उभारण्यात आली. त्यांपैकी एक डॉसनमध्ये व दुसरे कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये आहे.

डॉसन जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे शहरामागच्या डोंगरावरील दरडीचा प्रचंड पांढुरका ओरखडा. तो दिसताच उजवा काठ धरावा, अन्यथा वेगवान प्रवाह होडीस शहरापुढून वाहून नेतो. शहराच्या अलीकडे क्लोंडाइक नदीचे स्वच्छ पाणी राखी प्रवाहात मिसळते. त्या संगमावरील ट्रोचेक हे ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचे मासेमारीचे ठिकाण सोन्याच्या गर्दीत त्यांच्या हातून गेले होते. आता ते त्यांच्याकडे परत आले असून, २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या 'ट्रॉन्डेक-क्लोंडाइक' या स्थळसमूहात त्याचा अंतर्भाव आहे. पलीकडच्या तीरावर विनामूल्य तरीने जाता येते. तेथून काठाकाठाने थोडे चालल्यावर झाडीत एकमेकींवर कोसळलेल्या आगबोटी आणि त्यांची भलीमोठी लाकडी चाके दिसतात.