ओव्याच्या फुलाची गोष्ट

ओव्याचे फूल म्हणजे झाडावरचे फूल नव्हे, हे नव्या सुनांना सांगावे लागते. कापरासारखे दिसणारे, झोंबणाऱ्या वासाचे ते स्फटिक. जुन्या घरांत भीमसेनी कापूर आणि पुदिन्याचे फूल यांच्याबरोबर ते एका बाटलीत घालत. तिन्ही कोरडे पदार्थ एकत्र आले की आपोआप पाणी होते. हीच आपली अमृतधारा.

या फुलाला इतिहास आहे, आणि तो आपल्या मुलखातून जातो. ओवा पाण्यात उकळून वाफ थंड केली की वर तेल तरंगते. ते तेल थंडाव्यात उघडे ठेवले की स्फटिक जमतात. उज्जैनकडे हे काम चाले आणि पुण्याच्या व दख्खनच्या इतर गावांतल्या दुकानांत ‘अजवायन का फूल’ म्हणून ते विकले जाई. युरोपात १७१९ मध्ये नॉयमान या जर्मन औषधशास्त्रज्ञाला थाइम नावाच्या वनस्पतीच्या तेलात असेच स्फटिक सापडले होते. त्याला पुढे थायमॉल म्हणू लागले. आपले फूल म्हणजे तेच थायमॉल, हे १८५५ मध्ये स्टेनहाउस आणि १८५६ मध्ये मुंबईचे हेन्स यांनी दाखवून दिले. शास्त्राने नाव दिले, पण वस्तू आधीच दुकानात होती!

थायमॉल जंतूंच्या पेशीचे आवरण सैल करते, त्यामुळे आतले द्रव्य बाहेर झिरपते. तेच थायमॉल तेल-तुपाचे हवेने होणारे खवटणेही लांबवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंकुशकृमीवर ते मुख्य औषध होते. म्हणून मागणी वाढली. पण आपल्याकडून जाई नुसता ओवा. थायमॉल निघे जर्मनीत. १९१४ साली महायुद्ध पेटले, ती वाट बंद झाली आणि मग हिंदुस्थानातच थायमॉल काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. कच्चा माल आपला, कारखाना परक्याचा, ही गोष्ट फक्त कापसाची नव्हती. पुढे रासायनिक थायमॉल स्वस्तात तयार होऊ लागले आणि ओव्याचे हे महत्त्व ओसरले.

कोरेगावात काय, कुठे काय, कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या स्वयंपाकघरात ओवा-हिंगाचा मान मोठाच. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शंभर ग्रॅम ओव्यात तेल साधारण दोन ते चार ग्रॅमच असते. म्हणजे कडबोळ्यात चमचाभर ओवा घातला म्हणून पदार्थाची काळमर्यादा वाढत नाही; ती पाळायचीच. आणि चिमूटभर ओवा चावणे वेगळे, फूल पोटात घेणे वेगळे. अंकुशकृमीसाठी ते देतानाही डॉक्टर जपून देत, कारण जास्त झाले तर ते विषारी ठरते. लहान मुलांना तर ते देऊच नये.

ओव्याचा डबा मात्र घट्ट झाकणाचा असावा. वास उडाला की गुणही उडाला.