किल्ल्यात तपासलेली श्रद्धा
तुरुंगातले धर्मांतर म्हटले की अंदमान आणि सावरकरांची शुद्धी आठवते. नगरच्या भुईकोट किल्ल्यातली गोष्ट निराळी. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे डांबलेल्या काँग्रेस नेत्यांत मौलाना आझाद होते. पहाटेच उठून, स्वतः चहा करून ते मित्राला पत्रे लिहीत. ती पाठवायची मात्र सोय नव्हती! वारशाने आलेली श्रद्धा तरुणपणी संशयाने कशी ढासळली आणि शोधाअंती पुन्हा कशी गवसली, हे त्यांनी त्यांत मांडले. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापली गेली. धर्म तोच, पण आता तो स्वतः पारखून घेतलेला. शेजारीच आचार्य नरेंद्र देव बौद्धांचा ‘अभिधर्मकोश’ हिंदीत आणत होते. आझादांची कसोटी एप्रिल १९४३ मध्ये लागली. पत्नी कलकत्त्यात मरणपंथाला लागली होती. तिला भेटण्यासाठीही त्यांनी सरकारपुढे हात पसरला नाही.