सुप्याचा दंगा आणि कुळाची वही

दंगा म्हटला की लूट आणि रक्तपात डोळ्यांपुढे येतो. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जो दंगा झाला त्यात लूट झाली खरी. पण लोकांचा मुख्य डोळा होता सावकाराच्या कागदांवर. पुढे हे लोण नगर जिल्ह्यात गेले, तेथेही तेच. सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले, तर त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावीत नसे.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. कुळ सावकाराच्या दारी गेले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू कुळाच्या भल्याचा, झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार व्याज मुदलात घालून नवा रोखा करून घेई. समजा, शंभर रुपये शेकडा चोवीस दराने घेतले; दुसऱ्या रोख्यात ते एकशे बहात्तर होतात आणि सहा वर्षांत तीनशेच्या घरात जातात. दामदुपटीचा जुना दंडक या युक्तीपुढे लुळा पडे. कुळ नांगराची निशाणी करून मोकळे होई. मधे काय फेडले, ते सावकाराच्या वहीलाच ठाऊक!

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा केला. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, असे ठरले. पण मला अधिक मोलाची वाटतात ती साधी कलमे: पैसे दिल्याची पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा आणि हिशेबाची वही मिळण्याचा कुळाला हक्क. अर्थात, ज्याला अक्षरओळख नाही त्याने तो उतारा वाचायचा कोणाकडून? पुष्कळदा सावकाराच्याच कारकुनाकडून!

आज ती वही पतअहवालाच्या रूपाने आपल्यासमोर आहे. नोकरी गेली, हप्ते थकले, की माणूस ती उघडायलाच भितो. आणि नेमका तेव्हाच भरलेला हप्ता थकलेला दिसतो, किंवा न घेतलेले कर्ज नावावर निघते. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत न लागल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, हा नियम एप्रिल २०२४ मध्ये अमलात आला.