वारें, सुई आणि पाऊल

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर एखाद्या माणसाचा एका बाजूचा हात-पाय एकाएकीं लुळा पडला, तर 'त्याच्या अंगावरून वारें गेलें' असें म्हणतात. ग्रांथिक मराठींत या आजाराला अर्धांगवायु हें नांव आहे, आणि आयुर्वेदानें त्याची गणना वातव्याधींत केली आहे. नवल असें कीं, प्राचीन चिनी वैद्यांनीं त्याला दिलेल्या नांवाचा अर्थही 'वाऱ्याचा तडाखा' असाच होतो. धडधाकट माणूस क्षणांत कोसळलेला पाहून, हिमालयाच्या दोन्ही अंगांच्या लोकांस झंझावातांत उन्मळणारा वृक्षच आठवला असावा. या वाऱ्याची, आणि त्यावर चिनी वैद्यांनीं योजलेल्या सुईची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ज्या घरांत असा रोगी आहे, त्या घराला ती उपयोगी पडेल.

शरीरांत प्राणशक्तीचे कांहीं मार्ग आहेत, बाहेरच्या वाऱ्यानें ते अडले म्हणजे अवयव जड होतात, आणि ठराविक जागीं सुई टोंचली असतां ते मोकळे होतात, अशी चिनी वैद्यांची उपपत्ति होती. लुळ्या पायासाठीं गुडघ्याच्या किंचित् खालीं, नडगीच्या बाहेरच्या अंगास असलेली एक जागा त्यांच्या विशेष आवडीची. आपल्या वैद्यांनीं तेलाचें मर्दन, शेक आणि बस्ति हे उपाय योजिले. मात्र 1658 सालीं योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्यानें प्रेतांची चिकित्सा करून दाखविलें कीं, असा झटका येऊन मेलेल्यांच्या मेंदूंत रक्तस्राव झालेला आढळतो. पुढें रक्तवाहिनी तुंबल्यानेंही हाच प्रकार होतो, हें सिद्ध झालें. पाय बिघडलेला नसतो; मेंदूकडून त्याला येणारा हुकूम वाटेंत थांबलेला असतो.

या सुईचें सविस्तर वर्णन युरोपास मिळालें तें 1683 सालीं. डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य विलेम टेन रेइने यानें जपानांतील देशिमा बेटावर राहून ही विद्या पाहिली व तिला 'अॅक्युपंक्चर' हें लॅटिन नांव दिलें. सतराव्या शतकांत याच कंपनीची वखार वेंगुर्ल्यासही होती, आणि तिचे भग्नावशेष आजही पाहावयास मिळतात. परंतु आपल्या देशांत सुई आली ती या दर्यामार्गानें नव्हे.

1938 सालीं काँग्रेसनें युद्धग्रस्त चीनकडे पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे चोळकर आणि बंगालचे विजयकुमार बसू होते. कोटणीसांच्या हातांतील सुई शस्त्रवैद्याची, सैनिकांच्या जखमा शिवण्याची. 9 डिसेंबर 1942 रोजीं वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं ते चीनमध्येंच निवर्तले. बसू परत आले, पुढें पुन्हा चीनला गेले, तेथें अॅक्युपंक्चर शिकले आणि 1959 सालीं त्यांनीं कलकत्त्यांत ती चिकित्सा सुरू केली. कोटणीसांच्या नांवें निघालेल्या स्मारक-समित्यांनीं तिचा प्रसार केला. महाराष्ट्रांत या पद्धतीसाठीं 2015 चा स्वतंत्र अधिनियम आहे.

आतां मुख्य प्रश्न. सुईनें पाय हलतो काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें 1997 सालीं भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें, पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनांत ती जोडउपचार म्हणून उपयोगी पडूं शकेल, असें म्हटलें. कॉक्रेन संस्थेच्या 2016 च्या समीक्षेंत 31 प्रयोग व 2257 रोगी तपासले गेले. कांहीं बाबतींत लाभ दिसला; पण प्रयोगांची प्रत इतकी हलकी होती कीं, निश्चित निर्णय देतां आला नाहीं. यांत आणखी एक गोम आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांत मेंदू आपण होऊन बरेंच सांवरून घेतो. त्या काळांत तेल चोळणारा, अंगारा लावणारा आणि सुई टोंचणारा असे तिघेही यशाचे धनी होतात! म्हणूनच एका रोग्याच्या अनुभवावरून निवाडा करूं नये.

या किनाऱ्यावर पाय म्हणजे पोट. होडींत तोल सांभाळणें, वाळूंत पाय रोवून रापण ओढणें, माडावर चढणें, हीं सारीं पायांचीं कामें. असा पाय गेला म्हणजे घरचीं माणसें मिळेल त्या उपायाकडे धांवतात, आणि खरी हानि येथेंच होते. वाऱ्याची समजूत सबुरी शिकविते. मेंदूला मात्र सबुरी परवडत नाहीं. तुंबलेली गुठळी विरघळविण्याचें औषध सामान्यतः झटक्यापासून साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि तेंही सी. टी. स्कॅन करून मेंदूंत रक्तस्राव नाहीं याची खात्री पटल्यावरच. सिंधुदुर्गांतील अवघड रोगी अनेकदां गोव्यांतील बांबोळीस न्यावे लागतात. तेवढ्या प्रवासापुढें घरीं दवडलेला एक तासही फार मोठा. तोंड वांकडें झालें, हात उचलेना, शब्द अडखळूं लागले, कीं तत्क्षणीं गाडी बोलवावी.

सुईची पाळी त्यानंतरची. धोका टळल्यावर, डॉक्टरांच्या संमतीनें, प्रशिक्षित हातांकडून आणि दर वेळीं नव्या निर्जंतुक सुया वापरून ती अवश्य घ्यावी. रक्त पातळ करणारें औषध चालूं असेल तर तें आधीं सांगावें. मात्र तिच्यासाठीं व्यायाम सोडूं नये. आधारानें उभें राहणें, लुळ्या पायावर भार देणें, एकच पाऊल शंभर वेळां टाकणें, हीच मेंदूची नवी धुळाक्षरें. तीं गिरवून घेण्याचें काम व्यायामतज्ज्ञाइतकेंच घरांतल्या माणसांचें आहे, आणि कित्येक महिने, न कंटाळतां, करावयाचें आहे. 'वारें गेलें' हा शब्दप्रयोग भाषेंत खुशाल राहो. उपचार मात्र त्याच्या भरंवशावर ठेवूं नये.